‘येते हं’ म्हणजे ‘आय ॲम कमिंग’ नव्हे: गोव्यातल्या मराठी माणसासाठी रोजचं इंग्रजी

मांद्र्याला माझ्या मोठ्या वहिनीच्या तीन खोल्या आहेत, त्या ती पाहुण्यांना भाड्याने देते. एकदा एका इंग्रज जोडप्याला धुतलेले टॉवेल नेऊन दिले आणि निघता निघता हसून म्हणाली, "आय ॲम कमिंग." ती बाई दार उघडं धरून उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी नवरा खाली उतरला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारू लागला, काही राहिलंय का? वहिनी भात वेळत होती. हा माणूस कशाला आला, तिला कळेना.

आपण उंबरठ्यावर ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. वहिनीने तेच इंग्रजीत म्हटलं, आणि व्याकरणात एक चूक नव्हती. तिथे हवं होतं फक्त "सी यू लेटर."

"मग मला कोणी सांगितलं काय गो हे शाळेत?" ती म्हणाली. नव्हतंच सांगितलं. आमची पिढी पहिली ते चौथी मराठीतून शिकली आणि पाचवीला एकदम सगळे विषय इंग्रजीतून सुरू झाले. पुस्तक वाचता येतं, अर्ज भरता येतो, समोरचा बोललेलं कळतं. बोलायची वेळ आली की जीभ जागची हलत नाही. त्या पावसाळ्यात खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून देवळाशेजारच्या खोलीत आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही बसू लागलो: वहिनी, दोन टॅक्सीवाले, औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आणि पंचायतीतले एक कारकून. जून ते सप्टेंबर, चार महिने. तेव्हा जे उपयोगी पडलं ते त्याच क्रमाने इथे लिहिते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती तोंडात बसावीत म्हणून. वहीत उतरवताना मात्र स्पेलिंगसकट रोमन लिपीतच उतरवा.

आधी वही, व्याकरण मागाहून

बाजारात मिळणारी ‘तीस दिवसांत इंग्रजी’ छापाची पुस्तकं काळांच्या बारा कोष्टकांनी सुरू होतात. ती बाजूला ठेवा. पहिले तीन दिवस एकच काम: कामाच्या ठिकाणी दिवसभरात तुम्ही काय बोललात ते रात्री मराठीत लिहून काढा. तीच तीच वाक्यं बाहेर पडतात. वीसेक वाक्यांच्या पुढे यादी सहसा जात नाही, आणि तुमचं पहिलं पाठ्यपुस्तक तेच.

वहिनीच्या वहीतलं पहिलं पान असं होतं:

चावी कुठे ठेवलीत? "व्हेअर डिड यू लीव्ह द की?"
लाइट गेलीय, येईल एवढ्यात. "द पॉवर इज आउट. इट शुड बी बॅक सून."
पाणी दहा मिनिटांनी तापेल. "द वॉटर विल बी हॉट इन टेन मिनिट्स."
चादरी उद्या बदलते. "आय विल चेंज द शीट्स टुमॉरो."
आज समुद्र खवळलाय, आत जाऊ नका. "द सी इज रफ टुडे. प्लीज डोन्ट गो इन."

एवढ्या पाच वाक्यांत किती गोष्टी आल्या बघा. ‘दहा मिनिटांनी’साठी आपल्याला ‘आफ्टर’ सुचतो, पण आत्तापासून मोजायचं असेल तर इंग्रजीत ‘इन’ लागतो. ‘उद्या बदलते’ हे मराठीत वर्तमानात चालतं, इंग्रजीत शब्द द्यायचा तर ‘विल’ हवाच. आणि ‘शीट्स’मधली ई चांगली लांबवा. ती आखूड राहिली तर शिवी होते, आणि पाहुणा हसू दाबत बसतो.

तुमची वाक्यं इंग्रजीत कोण करून देणार? घरातलं कॉलेजात जाणारं पोर, शेजारचे निवृत्त मास्तर, नाहीतर मोबाइलवरचं भाषांतर. मोबाइलवर विसंबायचं तर एक करा: आलेलं इंग्रजी वाक्य पुन्हा उलटं मराठीत करून बघा. अर्थ घसरला असेल तर लगेच कळतो.

क्रियापद उचलून पुढे आणायचं

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी बसतं, सगळे जेवून झाल्यावर पानावर बसणाऱ्या घरधनिणीसारखं. इंग्रजीत त्याचं पान कर्त्याच्या शेजारीच मांडलेलं असतं. ‘मी काल म्हापशाच्या बाजारात मिरच्या घेतल्या’ हे "आय बॉट चिलीज ॲट द मापुसा मार्केट येस्टरडे" असं होतं. कोण, काय केलं, कोणती गोष्ट, कुठे, कधी. हा क्रम बोटांवर मोजत बोला. पहिले पंधरा दिवस खरंच बोटं मोजायची, लाज नाही.

मराठीत शब्द मागेपुढे केले तरी बिघडत नाही, कारण ‘बाजारात’मधला ‘त’ आणि ‘रामाला’मधला ‘ला’ शब्दाला चिकटून फिरतात. इंग्रजीत शब्दाला चिकटलेलं असं काही नसतं, म्हणून जागा बदलली की अर्थ बदलतो. आपला मागे लागणारा प्रत्यय तिथे सुटा होऊन शब्दाच्या पुढे येतो: ‘पणजीत’ म्हणजे "इन पणजी", ‘स्टँडवर’ म्हणजे "ॲट द बस स्टँड".

‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ कुठे, यावर अख्खी पुस्तकं आहेत. मी टॅक्सीवाल्यांना एवढंच सांगितलं. ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं तिथे ‘ऑन’: ऑन द बस, ऑन द ट्रेन, रायबंदरहून चोडणला जाताना ऑन द फेरी. ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं तिथे ‘इन’: इन अ टॅक्सी, इन अ रिक्षा. पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलात तर पुन्हा ‘ऑन’, कारण तिथे आत शिरायला काही नाहीच. चढण्या-उतरण्यालाही हेच लागू: बसमध्ये "गेट ऑन" आणि "गेट ऑफ", टॅक्सीत "गेट इन" आणि "गेट आउट". फक्त पाहुण्याला नुसतं "गेट आउट" म्हणू नका, ते हाकलल्यासारखं लागतं. "यू कॅन गेट डाउन हिअर" असं आपण सर्रास म्हणतो, देशी माणसाला कळतंही. परदेशी माणसाला "आय विल ड्रॉप यू हिअर" बरं वाटतं.

‘अ’ आणि ‘द’ यांना फार घाबरू नका. मराठीत ते नाहीत म्हणून आपण विसरतो. मोरजी-हरमलला येणाऱ्या रशियन पाहुण्यांच्या भाषेतही ते नाहीत, आणि तेही आपल्यासारखेच गाळतात. व्यवहार अडत नाही. शिकायचंच तर एवढं धरा: समोरच्याला ‘कुठला?’ असा प्रश्न पडणार असेल तर ‘अ’, ‘तोच तो’ हे दोघांनाही ठाऊक असेल तर ‘द’. "आय हॅव अ रूम" म्हणजे एक खोली आहे. "द रूम इज रेडी" म्हणजे तुम्ही ठरवलेली ती तयार आहे. ‘अ’चा ‘ॲन’ कधी होतो ते अक्षर बघून ठरत नाही, कानाने ठरतं: "ॲन अवर", पण "अ युनिव्हर्सिटी".

मला, मला, मला

इथे मी जास्त वेळ थांबले, आणि तुम्हीही थांबा. मराठी माणसाच्या निम्म्या चुका या एका शब्दातून निघतात.

मला भूक लागते, मला ताप येतो, मला राग येतो, मला कोकणी येतं, मला दोन मुली आहेत. मराठीत भूक, ताप, राग आपल्याकडे चालत येतात आणि आपण नुसते बसलेलो असतो. इंग्रजीत माणूसच कर्त्याच्या खुर्चीत बसतो. तेव्हा ‘मला’ ऐकू आला की मनात लगेच ‘आय’ करायचा आणि मग स्वतःला विचारायचं: ही माझी अवस्था आहे, माझ्याकडे असलेली गोष्ट आहे, की मनाचं काम आहे?

अवस्था असेल तर ‘ॲम’: मला भूक लागलीय, "आय ॲम हंग्री". मला उशीर झाला, "आय ॲम लेट". मला थंडी वाजतेय, "आय ॲम कोल्ड".

असलेली गोष्ट असेल तर ‘हॅव’: मला दोन मुली आहेत, "आय हॅव टू डॉटर्स". मला ताप आहे, "आय हॅव अ फीव्हर". माझं डोकं दुखतंय, "आय हॅव अ हेडेक". औषधांच्या दुकानातल्या मुलीने अशी पंचवीस दुखणी लिहून काढली. गिऱ्हाईक पोटावर हात ठेवून उभं राहण्याच्या आत तिच्या तोंडात "डू यू हॅव अ स्टमकेक?" तयार.

मनाचं काम असेल तर साधं क्रियापद, त्याला ‘ॲम’ नाही आणि ‘आय-एन-जी’ही नाही: मला माहीत आहे, "आय नो". मला आवडतं, "आय लाइक इट". मला आठवत नाही, "आय डोन्ट रिमेंबर". मला वाटतं, "आय थिंक". ‘माहीत आहे’मधल्या ‘आहे’ने आपण फसतो आणि "आय ॲम नोइंग" म्हणून जातो. मी पाचवीत भर वर्गात "आय ॲम नॉट नोइंग, सर" म्हणाले होते. सर हसले, वर्ग हसला. दुरुस्त मात्र कोणी केलं नाही, म्हणून पुढे दोन वर्षं मी तेच म्हणत राहिले.

"आय ॲम हॅविंग टू डॉटर्स" हीही त्याच घराण्यातली चूक. पण "आय ॲम हॅविंग लंच" बरोबर, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जेवणं आहे, जवळ असणं नव्हे.

‘मला पणजीला जायचंय’ या वाक्यात मराठी थोडी लबाड आहे. यात इच्छाही असते आणि कामही. इंग्रजी बोलताना ठरवावं लागतं: मनात आहे तर "आय वॉन्ट टू गो", गेल्यावाचून गत्यंतर नाही तर "आय हॅव टू गो". कारकून काका पंचायतीत आलेल्या एका परदेशी बाईला "यू वॉन्ट टू साइन हिअर" म्हणत राहिले आणि ती "नो, आय डोन्ट" म्हणत राहिली. हवं होतं "यू हॅव टू साइन हिअर, प्लीज".

याच रांगेतली आणखी दोन: माझी बस चुकली, "आय मिस्ड द बस". माझा मोबाइल हरवला, "आय लॉस्ट माय फोन". मराठीत चूक बसची, हरवतो तो मोबाइल. इंग्रजीत सगळं आपल्या डोक्यावर.

काळ: तीन पुरतात, चौथा जोडीला

रोज घडतं ते, होऊन गेलं ते, होणार ते. बोलण्याचा बहुतेक गाडा यावरच चालतो.

रोजच्या गोष्टीत एकच खाच आहे: ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आले की क्रियापदाला एस लागतो. "द बस लीव्हज ॲट सेव्हन." विसरलात तरी कळतं, पण कानाला खटकतं.

भूतकाळ आपल्यापेक्षा सोपा आहे. ‘तिने पत्र लिहिलं, तिने चिठ्ठी लिहिली, तिने कागद लिहिले’, आपलं क्रियापद कर्माच्या तालावर नाचतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी "शी रोट". आणि चमचा पुल्लिंगी, वाटी स्त्रीलिंगी ही भानगडही नाही, सगळ्या वस्तू ‘इट’. बस आली की "इट इज हिअर", ‘शी’ नव्हे. ‘गो’चं ‘वेंट’, ‘बाय’चं ‘बॉट’, ‘टेक’चं ‘टुक’ अशी तीसेक आडमुठी रूपं मात्र पाठच करावी लागतात. पाढे केले तसे करा.

‘डिड’ आला की नेहमी घोळ होतो. "डिड यू वेंट?" असं आपण दोनदा भूतकाळ करतो. भारा डोक्यावर एकानेच घ्यायचा. ‘डिड’ने तो उचलला की मागचं क्रियापद मोकळं: "डिड यू गो?", "आय डिडन्ट गो". ‘डझ’चंही तेच, एस त्याने उचलला: "डझ शी वर्क हिअर?"

आता जोडीचा चौथा. ‘मी जेवले’ आणि ‘मी जेवले आहे’ यांत जो फरक, साधारण तोच "आय एट" आणि "आय हॅव ईटन" यांत. कधी ते सांगितलं की ‘हॅव’ गळतो. "आय हॅव ईटन येस्टरडे" चालत नाही. आपली मोठी अडचण वेगळीच आहे. ‘मी दहा वर्षं फोंड्यात राहतोय’ हे मराठीत वर्तमान, म्हणून तोंडातून "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स" येतं. हवं ते "आय हॅव लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स". किती काळ हे सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून हे सांगायचं तर ‘सिन्स’.

टॅक्सीवाल्यांना याचा सराव मी गोव्याच्या इतिहासावर करून घेतला, कारण मागच्या सीटवरून प्रश्न त्यावरच येतात:

"द पोर्चुगीज केम इन 1510." साल असेल तर ‘इन’.
"पोर्चुगीज रूल एंडेड ऑन द नाइन्टीन्थ ऑफ डिसेंबर, 1961." तारीख आली की ‘ऑन’.
"दे वेअर हिअर फॉर 451 इयर्स." किती काळ, आणि तो संपला, म्हणून साधा भूतकाळ.
"गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स 1987." कधीपासून, आणि अजून चालू, म्हणून ‘हॅज बीन’.

ही चार वाक्यं घडाघडा आली की ‘इन’, ‘ऑन’, ‘फॉर’, ‘सिन्स’ चारही हाताशी आले. भाड्यावर दोन पैसे जास्तही मिळतात, असं एका टॅक्सीवाल्याचं म्हणणं. मी काही मोजायला गेले नाही.

विचारायचं कसं, आणि ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’

मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. इंग्रजीत दोन शब्दांची अदलाबदल: "यू आर गोइंग" चं "आर यू गोइंग?". ‘व्हेअर’, ‘व्हाय’ लागले तरी अदलाबदल राहतेच. "व्हेअर यू आर गोइंग?" हे आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही. बरोबर आहे "व्हेअर आर यू गोइंग?" गंमत अशी की प्रश्न अदबीने गुंडाळला की क्रम पुन्हा सरळ होतो: "कुड यू टेल मी व्हेअर द फेरी जेटी इज?"

एक सापळा पैशाचा आहे. पाहुणा फोनवर विचारतो, "सो यू डोन्ट हॅव एनी रूम्स?" आपण मराठीत विचार करतो: हो, नाहीत. म्हणून म्हणतो, "येस." तो समजतो आहेत, आणि बॅगा घेऊन दारात हजर. इंग्रजीत प्रश्न कसाही विचारू दे, गोष्ट नसेल तर "नो, वी डोन्ट", असेल तर "येस, वी डू". नुसतं येस-नो कधी सोडू नका, मागे दोन शब्द जोडा.

"वुड यू माइंड वेटिंग?" यालाही हेच. थांबायची तयारी असेल तर उत्तर "नो, नॉट ॲट ऑल". माइंड म्हणजे हरकत, आणि हरकत नाही.

अदब कुठे असते

आपली अदब क्रियापदाच्या शेपटीत असते: द्या, घ्या, बसा, या. ‘पासपोर्ट द्या हं जरा’ यात काही उणं नाही. तेच "गिव्ह मी पासपोर्ट" झालं की पोलिसी वाटतं. इंग्रजी अदब वाक्याच्या तोंडाशी असते, ‘कुड’ नाहीतर ‘कॅन’मध्ये. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरावाच लागतो, तेव्हा हे वाक्य खोलीवाल्यांनी झोपेतही म्हणता यायला हवं: "कुड आय हॅव युवर पासपोर्ट, प्लीज? आय नीड इट फॉर द फॉर्म."

‘थँक यू’ आपल्याला जड जातं. पाणी दिलं म्हणून घरात कोणी आभार मानत नाही. इंग्रजीत ते ‘देव बरें करूं’ इतकं सहज आहे असं धरा, दारात-दुकानात दिवसातून दहादा. पाहुण्याने म्हटलं तर गप्प राहू नका, "यू आर वेलकम" म्हणा.

आता आपले रोजचे शब्द, ज्यांना शब्दकोशात जागा सापडत नाही. ‘चालेल’ म्हणजे "दॅट्स फाइन". ‘नाही जमणार’ म्हणजे "सॉरी, दॅट वोन्ट बी पॉसिबल". ‘असू दे, असू दे’ हे कुणी पैसे परत करताना म्हटलं तर "दॅट्स ऑल राइट", विषय सोडून द्यायचा असेल तर "नेव्हर माइंड". ‘बघतो’ हा फार मोठा शब्द आहे. खरंच बघणार असाल तर "लेट मी चेक". बघणार नसाल, आणि गोव्यात तो बऱ्याचदा त्याच अर्थाने येतो, तर सरळ ‘नो’ म्हणा, कारण परदेशी माणूस ‘आय विल सी’ ऐकून संध्याकाळपर्यंत वाट बघतो. ‘सावकाश’ म्हणजे जेवणाऱ्याला "टेक युवर टाइम", जिना उतरणाऱ्याला "माइंड युवर स्टेप", पावसात गाडी चालवणाऱ्याला "ड्राइव्ह सेफली". ‘जेवलात काय?’ हे विचारू नका. आपल्याकडे ती चौकशी, त्यांना वाटतं जेवायला बोलावताय. "हॅव यू सेटल्ड इन?" विचारा, म्हणजे सगळं लागलं ना जागेवर.

समजलं नाही तर मान डोलावू नका. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर?" हे एक वाक्य सगळ्या व्याकरणाहून मोलाचं आहे, आणि वर्गात ते सगळ्यांत उशिरा बसलं. न समजल्याचं कबूल करायला आपल्याला कमीपणा वाटतो.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

मराठीत रुळलेले कितीतरी इंग्रजी शब्द तिकडे वेगळ्या अर्थाने चालतात. आपण हॉटेलात जाऊन भाजी-पाव खातो, त्यांच्या हॉटेलात माणूस झोपायला जातो, खायचं ठिकाण ते ‘रेस्टॉरंट’ किंवा ‘कॅफे’. आपली ‘लाइट’ त्यांची ‘पॉवर’. गाडीची ‘डिकी’ इंग्रज माणसाला ‘बूट’ आणि अमेरिकन माणसाला ‘ट्रंक’. ‘स्टेपनी’ म्हणाल तर बहुतेकांना कळणार नाही, "स्पेअर टायर" म्हणा. शब्द तसा इंग्रजांचाच, वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आलेला, पण आता तिकडे विसरला गेला.

"व्हॉट इज युवर गुड नेम?" यातलं ‘गुड’ आपल्या शुभ नावाचं, ते काढून टाका. "आउट ऑफ स्टेशन" ऐकून पाहुण्याला रेल्वे स्टेशन आठवतं. "आय पास्ड आउट इन 1998" म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही त्या साली बेशुद्ध पडलात. ‘प्रीपोन’ मात्र खुशाल वापरा, तो आपल्या देशाचा शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशातही गेला आहे.

गावांची नावं ही गोव्याची खास डोकेदुखी. पोर्तुगीज स्पेलिंग तसंच राहिल्यामुळे पाहुणा विचारतो ‘पेर्नेम’, आपलं गाव पेडणे. डिचोली ‘बिचोलिम’ झाली, साखळी ‘सँक्वेलिम’, चोडण ‘चोराव’. आपल्या तालुक्यातल्या गावांची ही दुसरी नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. नाहीतर माणूस आपल्याच दारात उभा राहून आपलंच गाव विचारतो आणि आपण ‘नो आयडिया’ म्हणतो.

उच्चाराचा फार बाऊ करू नका, गोरा उच्चार कोणी मागत नाही. ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, इतका फरक तोंडात आला तरी काम भागतं: पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू.

रोज अर्धा तास

सकाळी पंधरा मिनिटं वर्तमानपत्र. एकच बातमी आधी मराठीत वाचायची, मग इंग्रजीत. गोव्यात ही सोय फार चांगली आहे, गावच्या पंचायतीची बातमीसुद्धा दोन्हीकडे येते. गोमन्तक घ्या आणि शेजारी ओ हेराल्डो ठेवा. हा ओ हेराल्डो 1900 साली सुरू झाला तेव्हा पोर्तुगीज होता, 1983 साली इंग्रजी झाला. अख्खं वर्तमानपत्र भाषा बदलू शकतं. बातमीचा अर्थ मराठीतून आधीच ठाऊक असल्यामुळे शब्दकोश उघडावा लागत नाही. रोज एकच वाक्य वहीत उतरवा. दोन पेपर परवडत नसतील तर गावच्या वाचनालयात जा, पणजीला जाणं-येणं असेल तर पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचा.

संध्याकाळी पंधरा मिनिटं तोंड उघडून. मोबाइलवर स्वतःची वीस वाक्यं रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, चौथ्या दिवशी चुका ऐकू यायला लागतात. आठवड्यातून एकदा घरात दहा मिनिटं फक्त इंग्रजी, चुकीला हसायचं नाही हा एकच नियम. वहिनीच्या घरी माझा भाऊ त्या दहा मिनिटांत गोठ्यात जाऊन बसायचा.

चार आठवड्यांनी नवी वीस वाक्यं घ्या. आणि तिसऱ्या महिन्यात फोन. फोन शेवटी ठेवलाय तो मुद्दाम, कारण तिथे हातवारे दिसत नाहीत. सुरुवात ठरलेली असू द्या: "हॅलो, गुड मॉर्निंग. हाउ कॅन आय हेल्प यू?" तारीख नेहमी परत म्हणून घ्या: "सो, फ्रॉम द ट्वेल्थ टू द फिफ्टीन्थ, थ्री नाइट्स. इज दॅट राइट?" ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, शंका आली की "वन-थ्री ऑर थ्री-झीरो?" असं सरळ विचारा. नाव लिहून घेताना ‘बी’, ‘डी’, ‘पी’ एकमेकांत मिसळतात, म्हणून एकेका अक्षराला सर्वांच्या ओळखीचा शब्द लावा: बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, पी फॉर पॅरिस.

वहिनीने ऑक्टोबरमध्ये पहिला फोन स्वतः घेतला. मी शेजारी बसले होते, तिने मला हाताने गप्प केलं. तीन रात्रींचं बुकिंग, नाव अक्षरं लावून घेतलं, तारीख दोनदा विचारली. ठेवता ठेवता तोंडात ‘आय ॲम…’ आलं होतं. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "सी यू ऑन द ट्वेल्थ."